एककानी फाळ

"श्वास सोडू नोको. गिळून टाक," कोलूमामा माझ्या कानाशी पुटपुटला.

मी गिळला.

पूर्वेकडचं आभाळ ताकाच्या निवळीसारखं झालं होतं, पण झाडांच्या बुंध्यांशी अंधार अजून उकिडवा बसून होता. आम्ही दोघं तेंदूच्या झाडावर, बांबूच्या मचाणावर. समोर पंधरा पावलांवर आमच्या घरचा मोह. टप... टप... फुलं गळत होती. त्यांचा तो गोड, जरासा आंबूस वास हवेत इतका दाटला होता की नाकाआधी जिभेलाच कळायचा.

"दिसलं का?"

"नाही."

"अस्वल पाहू नोको, बावा. फुलं पाह्य."

मी फुलं पाहू लागलो. मोहाखालचा पालापाचोळा जाळलेला होता. वेचायला जमीन साफ हवी म्हणून सगळेच जाळतात. मी आणि मामानं आठवडाभर आधी जाळला होता, पण वेचण्यासाठी नव्हे. त्या काळ्या जमिनीवर गळलेली फुलं उजेड नसतानाही उजेड धरून होती. काळ्या जमिनीवर काळं अस्वल कुठून दिसणार? पण डावीकडून फुलं विझत होती. एक, मग दुसरं, मग चार एकदम. पहाटे चांदण्या विझतात तशी. आणि आवाज येत होता. आधी फुंकर, मग ओढून घेतल्याचा. एखादा म्हातारा गरम पेज भुरकतो ना, तसा.

"आलं," मामा म्हणाला. "लंगडंच हाय. पाय ऐक."

तीन पावलं टेकत होती, चौथं घासत होतं.

मी एकोणीस वर्षांचा होतो. शिकारीवर बंदी यायला अजून काही वर्षं होती. आज त्या गोष्टीला पन्नासाच्या वर वर्षं झाली, तरी ते चौथं पाऊल मला अजून ऐकू येतं.

लंगडं. आमच्या कुसुमटोल्यात त्याला हेच नाव होतं. चौदा घरांचा टोला आमचा. नाल्याच्या ओल्या रेतीत आत वळलेला उजवा पंजा उमटलेला दिसला की बाया टोपल्या घेऊन आल्या वाटेनं परत फिरायच्या. नाल्याकाठचा आमचा मोह हा सगळ्या रानात थोरला, पण नऊ वर्षं त्याचं एक फूल आमच्या घरी आलं नव्हतं.

कारण त्या मोहाखाली त्यानं माझ्या मायचा चेहरा नेला होता.

माझी माय, जुरी तिचं नाव, मोह वेचताना गायची. बाया तिच्या मागंमागं वेचायच्या ते गाण्यासाठी.

मोह गळे, मोह गळे, चांदण्याचे दाणे,
टोपलीभर पहाट माझी, ओटीभर गाणे.

मोहामाये, मोहामाये, कर दोन वाटे,
एक माह्या टोपलीत, एक रानवाटे.

मी दहा वर्षांचा होतो. त्या पहाटे ती टोपली उचलून निघाली तेव्हा बाबा खाटेवर उठून बसला. "आज राहू दे," म्हणाला.

"काहून?"

"असंच. उद्या जा."

माय हसली. "फुलं उद्याची वाट पाहतात का?" ती म्हणाली, आणि गेली.

थोड्या वेळानं बाबा कुऱ्हाड घेऊन तिच्या मागं धावत सुटला. का धावला, मला कळलं नाही. पोचला तोवर अस्वल तिच्या अंगावर होतं. बाबानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्यामागच्या बोथट बाजूनं, बडवून त्याला हाकललं आणि मायला पाठीवर घालून आणलं. ती वाचली. एक डोळा, एक गाल आणि दोन्ही ओठ मात्र तिथंच राहिले.

टोल्यातल्या बाया कित्येक वर्षं सांगायच्या, "दसरूच्या जिवाले आंधीच समजलं होतं वो. नवरा असावा तर असा."

ओठ गेले तशी काही अक्षरंही गेली. माय, मोह, बाबा, पाणी, भात. जे जे ओठ मिटून म्हणायचं, ते तिला म्हणता येईना. मग तिनं तसले शब्दच सोडून दिले. बोलायची थोडं, उरलेल्या शब्दांत, पदर नाकापर्यंत ओढून. गाणं तर मोहापासूनच सुरू व्हायचं. ते संपलं.

आणि बाबानं आपला कमठा जाळला. कमठा म्हणजे आमचं बांबूचं धनुष्य. दसरूसारखा तीर मारणारा चार टोल्यांत नव्हता. बावीस मोठी जनावरं, आणि घायाळ जनावर सुटल्याची एकदाही हाक नाही. त्यानं कमठा चुलीत घातला, तीर नाल्यात फेकले, मांस खायचं सोडलं. रोज पहाटे उठून चूल पेटवायचा, पाणी भरायचा, भात मऊ शिजवून मायला घास चारायचा. लोक म्हणायचे, दुःखानं माणूस असा होतो.

म्हणून मला तीर धरायला शिकवलं ते मामानं. मायच्या पाठच्या भावानं. नऊ वर्षांत मी दुसरं काही मागितलं नव्हतं. मला ते लंगडं हवं होतं. मला तो मोह मायला परत द्यायचा होता.

आदल्या दिवशी मचाण बांधताना मामानं माझी परीक्षा घेतली. खालून बांबू देत होता, वरून मी बांधत होतो.

"तीर लागला, जनावर पडलं. मंग?"

"उतरायचं नाही. शंभर मोजायचे."

"तुले शंभर येतात?"

"चौथीपर्यंत गेलो ना शाळेत."

"मले येत नाही. मी एक चिलीम ओढतो." बांबू वर आला. "लागला, पण पडलं नाही. पळालं. मंग?"

"मागं जायचं नाही. घरी यायचं. दिवस बुडायच्या आत टोल्याच्या मधल्या दगडावर उभं राहून हाक द्यायची."

"काय म्हणून?"

"आपलं नाव, बापाचं नाव. कोणतं जनावर, कुठं लागलं, कोणीकडं गेलं. घायाळ हाय म्हणून."

"आन् टोल्यानं?"

"घराघरातून एकानं म्हणायचं, ऐकलं."

"एखाद्या घरानं नाही म्हटलं तं?"

"तवर दगडावरून उतरायचं नाही."

"कायले एवढं?"

"सकाळी बाया मोहाखाली जातात."

"शाब्बास." मामानं हात झटकले. "हाक देणाऱ्याचा कमठा सालभर उतरवतात. लोकं हसतात. पण हसण्यानं कोणी मरत नाही, भाच्या. घायाळ जनावर लपवलं तं मरते. तुह्या बापाले कधी पाळी आली नाही म्हणा. बावीस जनावरं, एक हाक नाही! आन् तुह्यावर हाक द्यायची पाळी आली, तं आमच्या बुधीले मी दुसरा पोरगा पाहीन, सांगून ठेवतो."

बुधी मामाची मुलगी. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क.

"बुधीलेच विचार ना," मी वरून म्हणालो.

"तिले काय विचारायचं? तिचा नेम तुह्यापेक्षा बरा हाय. परवा चपलीनं कुत्रं बरोबर मारलं."

त्या संध्याकाळी घरी आलो तर माय ओसरीवर कंद खरवडत बसली होती. हातात बाबाच्या तीराचा फाळ होता. बाबाचे फाळ ओळखू यायचे. लोहार पात्याला मागं वळलेले दोन कान काढून द्यायचा, बाबा त्यातला एक घासून टाकायचा. एककानी तीर हवेत फिरत नाही म्हणायचा. खरंखोटं त्यालाच ठाऊक. सगळे नाल्यात गेले, त्यातला हा एक राहून गेला होता. माय त्यानं कंद खरवडायची.

"रैनू," ती म्हणाली. "नोको जाऊ."

"भेव नाही, माय. मामा हाय संगं."

"जगू दे त्याले. लंगडं हाय ते."

"लंगडं हाय म्हणून सोडू? त्यानं तुले काय केलं पाह्य."

तिनं कंद ठेवला. एका डोळ्यानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग बाबा पाण्याची घागर घेऊन आला तशी ती पुन्हा खरवडू लागली. बाबा घागर उतरवून माझ्याशी बोलला, जमिनीकडं पाहून.

"दुसरं एखादं मार. डुक्कर मार."

"मले तेच पायजे, बाबा."

"हट्ट हाय तुहा."

"तुम्हीच मारायले पायजे होतं त्याले. नऊ साल झाले."

बाबा वळून घागर झाकू लागला. मला वाटलं, घाव बसला. बसू दे, वाटलं.

आणि आता ते माझ्यासमोर फुलं विझवत येत होतं.

उजेड जरा वाढला. काळ्यातून काळं वेगळं झालं. आधी केसाळ पाठ, मग वाकलेली मान. एका फांदीवरून फुलांचा लोंढा गळला तशी त्यानं मान वर केली आणि छातीवरची पांढरी कोयरी दिसली. मामानं माझ्या मांडीला बोट टेकवलं. आत्ता.

मी कमठा ओढला. अस्वल वळलं, डावी कूस माझ्याकडं आली. पुढच्या पायामागं चार बोटं. तीर सुटला तो मला दिसलाच नाही. थप्प एवढंच झालं, ओल्या मातीवर कुणी हात मारावा तसं.

ते ओरडलं.

मामानं मला सगळं सांगितलं होतं, ते ओरडणं सांगितलं नव्हतं. ते जनावराचं ओरडणं नव्हतं. बाळंतपणात बाई ओरडते ना घराआड, तसं. ते मागच्या पायांवर उभं राहिलं, दोन पावलं माणसासारखं चाललं आणि मोहाच्या बुंध्याला पाठ लावून खाली बसलं. माझा तीर डाव्या कुशीत होता. पण ते डाव्या पंजानं आपला उजवा खांदा ओरबाडत होतं. पुन्हा पुन्हा उजवा खांदा. जणू तीर तिकडंच लागलाय. मग पंजा मांडीवर पडला, मान छातीवर आली. वरून फुलं गळतच होती. एक त्याच्या कपाळावर येऊन बसलं.

"मोज," मामा म्हणाला. त्याचा आवाज आनंदानं फाटला होता.

मी मोजू लागलो. चाळीसच्या पुढं मला आकडे सापडेनात. दात वाजत होते. चैत्रातल्या सकाळी मला थंडी वाजत होती.

"पहिल्या खेपेले असंच होते," मामानं चिलीम पेटवली. "एकच तीर. हाक नाही, काही नाही. बापाचा पोरगा! ओक येते तं तिकडून ओक, माह्या अंगावर नोको."

बल्लीला बांधून चौघांनी ते टोल्यात आणलं. ढोल वाजला. बाया धावत आल्या, कुणी त्याच्यावर थुंकली, कुणी टोपलीनं मारलं. एका म्हातारीनं माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. बुधी गर्दीतून म्हणाली, "बसलेल्याले मारलं का उभ्याले?" आणि सगळे हसले. मीही हसलो. पण माझे डोळे आमच्या दाराकडं होते. माय बाहेर आली नाही. बाबा कुंपणाशी उभा होता, काठीला धरून.

आमच्या टोल्याची एक रीत. मुलाच्या पहिल्या मोठ्या जनावराचं कातडं बापानं काढायचं. मुलानं पंजा धरायचा, बापानं सुरी.

"भाऊजी, तुम्ही तं मांसाले हात लावत नाही," मामा अदबीनं म्हणाला. "मी काढू का?"

"नाही," बाबा एकदम म्हणाला. "मीच."

दुपार टळल्यावर चिंचेखाली पळसाची पानं अंथरून अस्वल उताणं घातलं. मी उजवा पंजा धरला. तळवा उघडा, काळा, सुरकुतलेला. पाच बोटं. बाबानं गळ्यापासून सुरी ओढली. नऊ वर्षांनी सुरी धरली, पण हात विसरला नव्हता. कातडं मागं सरत गेलं आणि आतून जे निघालं ते पाहून मी पंजा सोडणारच होतो. केस गेल्यावर ते माणूस होतं. छाती माणसाची, दंड माणसाचे. पानांवर कुणीतरी दमून झोपलेलं.

"पाहू नोको तसा," मामा मागून म्हणाला. "सगळ्यांलेच वाटते. म्हणून कातडं निघाल्यावर त्याले नावानं बोलावत नाही आपण."

डावा दंड झाला. पोट झालं. बाबा उजव्या खांद्याकडं आला आणि त्याची सुरी हळू झाली. तो खांद्याच्या भोवतीनं जाऊ लागला, उकळतं दूध टाळून पळी फिरवावी तसा. तिथं मांस मांसासारखं नव्हतं. राखाडी, कडक, गाठाळ. सुरीचं टोक त्यात गेलं आणि खर्र वाजलं.

मी पंजा धरून इतका जवळ होतो की बाबाचा श्वास थांबलेला मला कळला.

त्यानं दोन बोटं आत घातली. बाहेर आली तेव्हा बोटांत गंजलेलं लोखंड होतं. पातं. त्याला मागं वळलेला एक कान. दुसऱ्या बाजूला घासलेली गुळगुळीत कड. मागं बोटभर बांबूचा तुकडा, त्यावर लाखेचा थर, आणि लाखेखाली, काचेखाली ठेवल्यासारखा, लाल दोरा. तीन वेढे आणि एक गाठ.

"काय लागलं, भाऊजी?" मामानं विचारलं. तो चिलमीत निखारा घालत होता.

बाबानं मूठ मिटली. माझ्याकडं पाहिलं. मी त्याचा मुलगा. त्याचे डोळे मी रोज पाहत आलो होतो, पण असे नव्हते. बुधीची चप्पल लागायच्या आधी त्या कुत्र्याचे असतील तसे.

"हाड," बाबा म्हणाला.

मी पंजा आणखी घट्ट धरला. मूठ बंडीच्या खिशात गेली, रिकामी बाहेर आली. उरलेलं कातडं त्यानं एकही चूक न करता काढलं. आणि तेवढा वेळ मी तो पंजा धरून नऊ वर्षं उलटी मोजत होतो. आज राहू दे. काहून? असंच. मग कुऱ्हाड घेऊन धावणं. बावीस जनावरं, एक हाक नाही. म्हणजे तेविसावं होतं. ते घायाळ होऊन पळालं होतं, आणि तो त्या संध्याकाळी दगडावर चढला नव्हता.

लोक मांसाचे वाटे लावायला बसले. मी घराच्या मागच्या दारानं आत गेलो. माय अंधारात चुलीपाशी बसली होती. पदर ओढलेला. मी तिच्यासमोर उभा राहिलो. काय सांगावं, कुठून सांगावं? तिचा चेहरा कोणी नेला ते मी तिला सांगणार होतो.

तिनंच आधी विचारलं.

"निघाला का?"

"काय?"

"त्याच्या खांद्यातला तीर."

मी खाली बसलो.

"तुले... तुले माहीत होतं?"

"दोरा या हातानं गुंडाळला होता, रैनू." तिनं हात वर केला. "ते अंगावर आलं तवा खांद्यात तीर हालत होता. लाल दोरा. तीन येढे, एक गाठ. एवढं जवळ होतं."

"नऊ साल, माय! नऊ साल तू गप राहिली? तो सगळ्यांचा चांगला, सगळ्या टोल्याचा चांगला! बाया तुले सांगतात, असा नवरा..."

"हळू."

"त्यानं केलं हे तुह्या तोंडाचं!"

"अस्वलानं केलं." ती थांबली. "त्यानं सांगितलं होतं, आज राहू दे. त्याच्यात तेवढाच जोर होता."

मी रडत होतो. ती रडत नव्हती. तिचा तो एक डोळा चुलीतल्या निखाऱ्यावर होता.

"तो रोज चूल जाळते," ती म्हणाली. "तांदूळ शिजवते, घास करून चारते. त्याले वाटते, हिले ठाऊक नाही. त्या वाटण्यावर तो जगला. ठाऊक हाय कळलं असतं, तर त्यानं गळ्याले दोर लावला असता. तू लहान होता."

म्हणून जगू दे म्हणाली होती. तो तीर त्या खांद्यातच राहावा म्हणून.

"मी सांगीन," मी उठलो. "मी चढतो दगडावर. सगळ्यांले सांगतो."

"ती हाक तुही नाही, रैनू."

तेवढ्यात कुडाच्या भिंतीपलीकडं काहीतरी फुटलं.

मी बाहेर धावलो. ओसरीवर घागर पडली होती, दोन तुकडे होऊन, आणि पाणी कुडाखालून घरात शिरत होतं. बाबा नव्हता. आमच्या ओसरीच्या खांबाला बैलाचा कासरा टांगलेला असायचा. खांब मोकळा होता.

माय दारात आली होती. तिनं खांबाकडं पाहिलं.

"धाव!" ती ओरडली.

मी धावलो. आधी नाल्याकडं, मग वळून चिंचेकडं. प्रत्येक झाडाच्या फांद्यांत पाहत धावलो. दिवस डोंगराला टेकला होता, सगळ्या फांद्या काळ्या झाल्या होत्या, आणि प्रत्येक काळ्या फांदीला मला काहीतरी लोंबताना दिसत होतं. कशासाठी शोधत होतो? वाचवायला की मारायला? मला सांगता येत नाही. अजून येत नाही.

मग हाक आली.

"मी, दसरू! लालूचा पोरगा!"

टोल्याच्या मधल्या दगडावर बाबा उभा होता. कासरा त्याच्या खांद्यावर होता. तो घेऊन निघाला होता, आणि वाटेत कुठंतरी वळला होता. एका हातात तो फाळ, डोक्याच्या वर धरलेला.

"आज सांजेले नाल्याकाठच्या मोहावरून मी अस्वलाले तीर मारला! उजव्या खांद्याले लागला! पडलं नाही!"

मांसाच्या वाट्यांपाशी बसलेले लोक हसले. "दसरू, दुपारीच घेतली का गा? अस्वल तं मेलं! तुह्या पोरानंच मारलं!"

"पडलं नाही!" बाबाचा आवाज फाटला. "नदीपार गेलं, असं मले वाटलं! घायाळ हाय! सकाळी मोहाखाली कोणी जाऊ नका! आपल्या बायांले जाऊ देऊ नका!"

आता कुणी हसलं नाही. ज्याच्या हातात मांस होतं त्यानं ते खाली ठेवलं. गंजलेला एक कान मावळतीच्या उजेडात सगळ्यांना दिसत होता, आणि एककानी फाळ कुणाचा ते आमच्याकडं पोरालाही ठाऊक होतं. मी मामाकडं पाहिलं. तो उभा राहिला. हातातली चिलीम गळून पडली, ती त्यानं उचलली नाही. त्याची बहीण होती ती.

हाकेला उत्तर द्यावं लागतं. चौदा घरं गप्प होती. बाबा दगडावर उभा. खांद्यावरचा कासरा हलत होता, कारण तो सगळाच हलत होता.

मग आमच्या दारातून माय आली. सावकाश, दगडासमोर. तिनं पदर डोक्यावरून मागं टाकला. नऊ वर्षांत पहिल्यांदा टोल्यानं तिचं तोंड पाहिलं. पोरं आयांच्या मागं लपली. कुणीतरी हुंदका दिला. तिनं मान वर करून बाबाकडं पाहिलं.

"ऐकलं," ती म्हणाली.

स्वच्छ. एकही अक्षर न अडखळता. त्या शब्दाला ओठ लागत नाहीत, हे मला तेव्हा उमगलं.

तिच्यामागून एकेक घर बोललं. कुणी जमिनीकडं पाहून, कुणी शिवी देऊन. ऐकलं. ऐकलं. ऐकलं. बारा झाले, तेरा झाले.

मामा वळला, आपल्या घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

म्हणून बाबा उतरला नाही. लोक गेले, चुली पेटल्या, विझल्या. मी त्याच्यासाठी पाणी नेलं नाही. मायनं नेलं, दगडाच्या कडेला ठेवलं, आणि स्वतः खाली बसली, पाठ दगडाला टेकून. दोघं बोलली की नाही मला माहीत नाही. मी ओसरीवर पडून कासऱ्याकडं लक्ष ठेवून होतो. तो मायनं त्याच्या खांद्यावरून काढून आपल्या कमरेला गुंडाळला होता.

पहाटे, आभाळ पुन्हा ताकाच्या निवळीसारखं झालं आणि बाया टोपल्या घेऊन निघायच्या वेळेला, मामाचं दार उघडलं. तो चौकटीतच थांबला. रात्रभरात म्हातारा झाला होता. दगडाकडं त्यानं पाहिलं नाही.

"ऐकलं," तो म्हणाला. त्यानंतर तो बारा वर्षं जगला. बुधी त्यानं मला दिली, पण आमच्या घरचा घास घेतला नाही.

बाबा खाली उतरला. त्याचे गुडघे वळेनात, तो हातांवर पडला. मला वाटलं माय त्याला उठवील. तिनं नाही उठवलं. ती घरात गेली आणि आढ्याला नऊ वर्षं टांगलेली, जाळी धरलेली टोपली घेऊन बाहेर आली. ती झटकून काखेला लावली. बाबापाशी थांबली.

"चल," माय म्हणाली. "गळून राहिलं."